चालू सेटमध्ये यंत्र बंद पडले तर: नव्या डिजिटल डीजेसाठी पर्यायी व्यवस्थेची तयारी

डिजिटल साधनांवर सेट वाजवताना आज ना उद्या काहीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरूनच नव्या डीजेने तयारीला लागावे. लॅपटॉप गोठतो, यूएसबी केबल सैल होते, प्लेअर पेन ड्राइव्ह वाचायला नकार देतो, मिक्सरचा एखादा चॅनेल मुका होतो. यांपैकी काहीही झाले तरी समोर नाचणाऱ्यांना त्याचे कारण कळत नाही, गाणे थांबले एवढेच कळते. दहाएक सेकंदांत आवाज परत आला तर बहुतेक जण तो प्रसंग विसरून जातात. शांतता मिनिटभर लांबली की लोक मैदानातून पांगू लागतात आणि त्यांना पुन्हा गोळा करायला बराच वेळ जातो. त्यामुळे या लेखात दुरुस्तीला दुसरे स्थान आहे. आधी आवाज कसा परत आणायचा आणि त्यातून दुरुस्तीसाठी निवांत वेळ कसा मिळवायचा, हे त्यात सांगितले आहे.

सगळ्या तयारीचा पाया एकच आहे आणि तो सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा. पर्याय म्हणून ठेवलेली वस्तू मूळ वस्तूच्याच खुंटीला टांगलेली असेल, तर खुंटी निखळताच दोन्ही खाली येतात. दोन लॅपटॉप आणले, पण दोन्ही एकाच कंट्रोलरला (सॉफ्टवेअर हाताळायच्या कळा-चाकांच्या फलकाला) जोडायचे असतील, तर कंट्रोलर बंद पडल्यावर दुसऱ्या लॅपटॉपचा काहीही उपयोग नाही. दोन पेन ड्राइव्ह भरले, पण दोन्हींवर प्लेअरला न वाचता येणाऱ्या त्याच फाइली असतील, तर दोन असूनही ते एकच आहेत. वस्तू किती आणल्या हे मोजण्यापेक्षा मूळ व्यवस्था आणि पर्यायी व्यवस्था यांच्यात सामाईक काय आहे, हे मोजण्याची सवय लावून घ्यावी.

पहिली पायरी: ध्वनीची साखळी कागदावर काढा

गाणे जिथे साठवलेले आहे तिथपासून स्पीकरपर्यंत आवाज कोणकोणत्या वस्तूंमधून जातो, ते एका कागदावर क्रमाने लिहा. लॅपटॉप आणि कंट्रोलर वापरणाऱ्याची साखळी साधारण अशी असते: हार्ड डिस्क, लॅपटॉप, सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर किंवा व्हर्च्युअल डीजे यांसारखे सॉफ्टवेअर, यूएसबी केबल, कंट्रोलर, त्याचे आउटपुट, एक्सएलआर किंवा आरसीए केबल, साउंड इंजिनिअरचा कन्सोल, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. वीज कुठून येते तेही प्रत्येक वस्तूपुढे लिहा, कारण सर्वांत जास्त विसरला जाणारा सामाईक दुवा म्हणजे सगळे ज्याच्यावर चालते तो एक्स्टेंशन बोर्ड.

आता प्रत्येक दुव्यावर बोट ठेवून स्वतःला विचारा, की नेमकी हीच वस्तू या क्षणी गेली तर आवाज कुठून येईल? ज्या दुव्यापुढे उत्तर सुचत नाही, तिथे पर्याय हवा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ही बहुधा साउंड इंजिनिअरची जबाबदारी असते. तुमची जबाबदारी त्याच्या कन्सोलपर्यंत आवाज पोहोचवण्याची आहे. मात्र त्याच्याशी कार्यक्रमाआधी पाच मिनिटे बोलून घ्या, कारण पुढे सांगितलेल्या सर्वांत भरवशाच्या पर्यायाला त्याच्या कन्सोलवरचा एक मोकळा चॅनेल लागतो.

दुसरी पायरी: लॅपटॉपला एकाच कामाला लावा

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टीम, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा कंट्रोलरचे फर्मवेअर अद्ययावत करू नका. करायचेच असेल तर त्यानंतर घरी किमान दोन-तीन पूर्ण लांबीचे सेट वाजवून पाहता येतील इतका अवधी ठेवा. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जुना ऑडिओ ड्रायव्हर चालेनासा होणे ही नेहमीची तक्रार आहे, आणि ती वाजवायला उभे राहिल्यावर समजली तर तिच्यावर इलाज उरत नाही.

सेटपूर्वी आपोआप येणारे अपडेट थांबवा, सूचना बंद करा, आपोआप चालणारे बॅकअप आणि क्लाउडशी होणारी जुळवणी थांबवा, आणि लॅपटॉप झोपी जाण्याची सोय काढून टाका. विंडोजवर वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्टचा पुरवठा आपोआप तोडण्याची जी सोय असते, ती पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. चालू सेटमध्ये कंट्रोलर अचानक दिसेनासा होण्यामागे कित्येकदा तीच असते. वायफाय आणि ब्लूटूथची गरज नसेल तर तेही बंद ठेवावे, कारण काही लॅपटॉपवर त्यांच्या ड्रायव्हरमुळेच आवाज तुटतो.

आवाज तुटणे म्हणजे काय होते, हे समजून घेतले तर उपाय करणे सोपे जाते. लॅपटॉप ध्वनी थेंबाथेंबाने पाठवत नाही, तर छोट्या छोट्या गठ्ठ्यांनी पाठवतो आणि त्या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने धरले तर, ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद, तर १२८ नमुन्यांचा म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद. एक गठ्ठा वाजून संपण्याच्या आत पुढचा तयार झाला नाही, की खरखर किंवा टकटक ऐकू येते. बफर लहान ठेवला तर जॉग व्हीलला (गाणे हाताने पुढे-मागे करायच्या चाकाला) प्रतिसाद चटकन मिळतो, पण प्रोसेसरला उसंत राहत नाही. स्क्रॅचिंग करत नसाल तर २५६ किंवा ५१२ वर राहणे शहाणपणाचे आहे, आणि चालू सेटमध्ये खरखर सुरू झाली तर आधी इफेक्ट व स्टेम (गाण्यातला गळा, ताल असे घटक) वेगळे करण्यासारखी जड कामे बंद करावीत. बफर बदलताना आवाज क्षणभर खंडित होऊ शकतो, त्यामुळे पर्यायी स्रोत वाजत असतानाच त्याला हात लावा.

सेटमध्ये लागणारी सगळी गाणी आधीच विश्लेषित करून ठेवा, कारण गाणे चढवतानाच विश्लेषण सुरू झाले तर तो भार ऐन वाजवताना पडतो. घरी एकदा चार्जर काढून, केवळ बॅटरीवर, पूर्ण सेट वाजवून पाहा. पुष्कळ लॅपटॉप बॅटरीवर येताच प्रोसेसरचा वेग आपणहून कमी करतात आणि एरवी सुरळीत चालणारे सॉफ्टवेअर अडखळू लागते. असे होत असेल तर चार्जर चुकून निघाल्यावर काय होईल, ते तुम्हाला आधीच कळलेले बरे. उष्णतेचेही तसेच आहे: लॅपटॉपच्या हवेच्या फटी टेबलाला किंवा कापडाला चिकटू देऊ नका, स्टँडवर तो उंच ठेवा आणि उघड्यावर असाल तर त्याच्यावर सावली धरा.

सदस्यत्वावर चालणारे सॉफ्टवेअर ठरावीक काळाने इंटरनेटवरून परवाना तपासते. कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी ते इंटरनेट जोडून उघडा आणि मग इंटरनेट तोडून पुन्हा उघडते का ते पाहा. स्ट्रीमिंग सेवेवरच्या गाण्यांवर सेटची भिस्त ठेवू नका. स्वतःच्या डिस्कवर असलेली गाणीच तुमची. बाकीची नेटवर्कच्या मर्जीवर.

तिसरी पायरी: गाण्यांच्या संग्रहाच्या खऱ्याखुऱ्या प्रती करा

यंत्र विकत मिळते, भाड्याने मिळते, उसने मिळते. वर्षानुवर्षे लावलेले क्यू पॉइंट (गाण्यातल्या हव्या जागांच्या खुणा), दुरुस्त केलेले बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) आणि जुळवलेल्या प्लेलिस्ट मात्र कुणाकडे उसन्या मिळत नाहीत. त्यामुळे नुसत्या गाण्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून थांबू नका. सेराटो आपली माहिती म्युझिक फोल्डरमधल्या ‘सेराटो’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि बाह्य डिस्कवरच्या गाण्यांची माहिती त्या डिस्कवरच्या तशाच वेगळ्या फोल्डरमध्ये असते; दोन्ही उतरवावे लागतात. ट्रॅक्टरमध्ये ही माहिती ‘कलेक्शन’ नावाच्या एका फाइलीत असते. रेकॉर्डबॉक्समध्ये फाइल मेनूतील लायब्ररीखाली बॅकअपचा पर्यायच दिलेला आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा माहितीच्या साठवणुकीतला जुना नियम इथेही पाळावा. लॅपटॉप आणि बाह्य डिस्क एकाच पिशवीत असतील आणि पिशवीच हरवली, तर दोन प्रती असूनही हातात काही उरत नाही.

चौथी पायरी: पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा

बऱ्याच ठिकाणी सीडीजेसारखे, पेन ड्राइव्हवरून थेट गाणी वाजवणारे प्लेअर आधीच मांडलेले असतात, त्यामुळे लॅपटॉप वाजवणाऱ्याने नीट तयार केलेला पेन ड्राइव्ह सोबत ठेवणे हा फार मोठा आधार आहे. पण तो ‘नीट तयार केलेला’ असणे महत्त्वाचे. ही गोष्ट मी स्वतः किंमत मोजून शिकलो, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

एका कार्यक्रमात माझा लॅपटॉप सेटच्या मध्यावर गोठला. शेजारी दोन प्लेअर होते आणि खिशात ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह होता, त्यामुळे क्षणभर मला हायसे वाटले. ड्राइव्ह खोचला. प्लेअरचा छोटा दिवा लुकलुकला, पडदा क्षणभर उजळला आणि गाण्यांच्या यादीऐवजी तो ड्राइव्ह वाचता येत नसल्याची एक ओळ तिथे उमटली. मी तो काढून दुसऱ्या प्लेअरमध्ये घातला, तीच ओळ. ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट झालेला होता आणि ते प्लेअर ती पद्धत वाचत नव्हते. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत जी शांतता पसरली, तिच्यात मला शेजारच्या टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. त्या ड्राइव्हवर गाणी होती, क्रमही लावलेला होता, फक्त तो कुठल्या प्लेअरमध्ये कधी घालून पाहिलेला नव्हता.

तेव्हा हे करा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा, कारण नवेजुने जवळजवळ सगळे प्लेअर ती पद्धत वाचतात. एक्सफॅट काही नवे प्लेअर वाचतात, जुने वाचत नाहीत. विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांत नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह एफएटी३२ करता येत नाही. त्यासाठी वेगळे साधन वापरावे लागते किंवा ३२ जीबीचाच ड्राइव्ह घ्यावा, जो आणीबाणीच्या सेटसाठी भरपूर होतो. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही, पण गाण्यांच्या बाबतीत ती अडचण येत नाही.

फाइलींचा प्रकारही पाहा. एमपी३ सर्वत्र चालते. एएसी, वॅव्ह आणि एआयएफएफ बहुतेक ठिकाणी चालतात. फ्लॅक मात्र सीडीजे-२०००नेक्सस२ वाचतो आणि त्याच्या आधीचा सीडीजे-२०००नेक्सस वाचत नाही, म्हणजे दिसायला जवळपास सारख्या दोन यंत्रांतही हा फरक पडतो. आणीबाणीच्या ड्राइव्हवर सर्व गाणी ३२० केबीपीएस एमपी३ स्वरूपात ठेवणे सर्वांत निर्धोक. ती नुसती ओढून टाकू नका; रेकॉर्डबॉक्समधून रीतसर एक्सपोर्ट करा, म्हणजे वेव्हफॉर्म, बीटग्रिड आणि क्यूही सोबत जातात. दुसरा ड्राइव्ह पहिल्याची नक्कल करून भरण्यापेक्षा पुन्हा स्वतंत्रपणे एक्सपोर्ट करून भरावा, कारण पहिल्यावर एखादी फाइल अर्धवट उतरलेली असेल तर नक्कलही तितकीच अर्धवट होते. शक्य असल्यास दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या कंपन्यांचे घ्या.

प्लेअर लॅन केबलने एकमेकांशी जोडलेले असतील, तर एकाच ड्राइव्हवरची गाणी सर्व प्लेअरवर वाजवता येतात. सोय चांगली आहे, पण त्यामुळे तो ड्राइव्ह आणि ती केबल हे दोन्ही सामाईक दुवे बनतात. दोन प्लेअर आणि दोन ड्राइव्ह असतील तर प्रत्येकात एक-एक ठेवावा; एक दगावला तरी दुसऱ्या प्लेअरवरचे गाणे चालूच राहते. काही प्लेअर चालू गाण्याचा ड्राइव्ह निघाला की शेवटचे चार ठोके आपोआप फिरवत राहतात. ती सवलत काही सेकंदांची समजा आणि तेवढ्यात दुसरे गाणे चढवा.

पाचवी पायरी: एक स्वतंत्र स्रोत आधीच जोडून ठेवा

सगळ्या पायऱ्यांत मी हिला सर्वाधिक महत्त्व देतो. तासभराचा, आधी ध्वनिमुद्रित केलेला एक मिक्स एखाद्या जुन्या फोनवर किंवा छोट्या म्युझिक प्लेअरवर ठेवा, तो केबलने मिक्सरच्या किंवा साउंड इंजिनिअरच्या कन्सोलच्या मोकळ्या चॅनेलमध्ये सेट सुरू होण्याआधीच जोडा आणि आवाजाची पातळी तपासून घ्या. पिशवीत असलेला पर्याय आणि जोडलेला पर्याय यांत दोन मिनिटांचे अंतर असते, आणि नेमकी तीच दोन मिनिटे आपल्याकडे नसतात. पिशवी टेबलाखाली असते, उजेड नसतो, हात थरथरत असतात आणि ३.५ मिलिमीटरची पिन सापडत नाही.

फोन विमान मोडमध्ये ठेवा, नाहीतर ऐन वेळी आलेल्या कॉलची घंटा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल. पडदा कुलूपबंद असताना प्ले दाबता येते का, हे पाहून घ्या. चार्जिंगच्या छिद्रातूनच हेडफोनची पिन जोडावी लागणारा फोन असेल, तर आवाज काढताना तो चार्ज होणार नाही, हे लक्षात घेऊन बॅटरी पूर्ण भरून आणा. मिक्सही विचारपूर्वक करा. सुरुवातीला हळूहळू चढणारा आलाप नको. पहिल्या ठोक्यापासून ताल असलेले गाणे हवे, कारण शांततेतून सरळ तालावर उडी मारायची असते. कार्यक्रमाच्या सुरुवातीचा मवाळ मिक्स आणि ऐन भरातला मिक्स असे दोन ठेवता आले तर उत्तम.

आता तपासायची गोष्ट. काही कंट्रोलरचा मिक्सर स्वतंत्र चालतो, म्हणजे लॅपटॉप बंद असला तरी ऑक्स (फोनसारखे बाहेरचे यंत्र जोडायचे इनपुट) किंवा मायक्रोफोनचा आवाज बाहेर जातो. काही कंट्रोलरमध्ये मात्र सगळे मिश्रण लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि यूएसबी केबल निघताच ऑक्ससुद्धा गप्प होतो. माहितीपुस्तिका वाचून हा उलगडा होईलच असे नाही, म्हणून घरी फोन ऑक्सला जोडा, गाणे लावा आणि यूएसबी केबल उपसून पाहा. आवाज चालू राहिला तर ऑक्स तुमचा पर्याय होऊ शकतो. थांबला, तर फोन कंट्रोलरला वगळून थेट साउंड इंजिनिअरच्या कन्सोललाच जोडायला हवा, आणि खरे सांगायचे तर ऑक्स चालत असला तरी कन्सोलची वाट अधिक भक्कम आहे, कारण कंट्रोलरच जळाला तर ऑक्सही त्याच्याबरोबर जातो. अंतर जास्त असेल तर डीआय बॉक्समधून (आवाजाचा संकेत लांब केबलसाठी योग्य करणाऱ्या छोट्या डबीतून) जोडावे, म्हणजे लांब केबलवर गुणगुण शिरत नाही.

सहावी पायरी: केबल, वीज आणि बारीकसारीक वस्तू

बंद पडलेल्या सेटचे कारण शोधू गेले तर ते पुष्कळदा महागड्या यंत्रात सापडत नाही. एखाद्या साध्या केबलमध्ये सापडते. कंट्रोलरची यूएसबी केबल शक्यतो आखूड घ्या, यूएसबी २.० साठी ५ मीटर ही मर्यादा आहे, आणि त्याच्या बरीच आत राहिलेले चांगले. केबल थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको. हब टाळता येत नसेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला घ्या. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० चा ९००. वीजपुरवठा न दिलेल्या हबवर कंट्रोलर आणि बाह्य डिस्क अशा दोन भुकेल्या वस्तू लावल्या की त्यातली एक मधूनच बंद पडते. कंट्रोलरला स्वतःचा अडॅप्टर असेल तर तो वापरा.

केबलला कुणाचा पाय लागून ती ओढली जाऊ नये म्हणून टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन टेपने चिकटवा, म्हणजे झटका टेबलावर येतो, पोर्टवर येत नाही. एका डीजेने दुसऱ्याकडे टेबल सोपवण्याच्या क्षणी सर्वाधिक गफलती होतात: दोन काळ्या केबल शेजारी शेजारी असतात आणि उतरणारा माणूस घाईत वाजत असलेलीच उपसतो. माझ्या केबलच्या दोन्ही टोकांना पिवळ्या टेपचा एक वेढा असतो, आणि पुढच्या माणसाला मी तो बोट ठेवून दाखवतो.

लॅपटॉपला बॅटरी असते, पण मिक्सर, प्लेअर आणि वीज लागणाऱ्या कंट्रोलरला नसते, त्यामुळे वीजपुरवठा क्षणभर खंडित झाला तरी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. एवढ्यासाठी एक छोटा यूपीएस पुरतो. त्यावर फक्त मिक्सर, प्लेअर आणि लॅपटॉप ठेवा. अ‍ॅम्प्लिफायर किंवा दिवे कधीही जोडू नका, त्यांच्या भाराने यूपीएस लगेच हात टेकतो. आवाजात गुणगुण येऊ लागली तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. गुणगुण थांबली तर ती अर्थिंगच्या वळशामुळे (यंत्रांच्या अर्थिंगच्या तारांतून तयार झालेल्या बंद वाटेमुळे) आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे आवाजाच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स. प्लगची अर्थिंगची पिन काढणे हा उपाय कधीच नव्हे. त्यात शॉक लागून जीव जाण्याचा धोका असतो.

पिशवीत ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: जादा यूएसबी केबल, आरसीएची एक जोडी, आरसीए व एक्सएलआर यांना जुळवणारे अडॅप्टर, ३.५ ते ६.३५ मिलिमीटरचे हेडफोन अडॅप्टर दोन, साधे इअरफोन, चार्जर, टेप, विजेरी आणि कोरडे फडके. टाइमकोड रेकॉर्डवर (सॉफ्टवेअर हाताळण्यासाठी संकेत कोरलेल्या खास तबकडीवर) वाजवत असाल तर जादा सुईही घ्या. हेडफोन अडॅप्टर मुद्दाम दोन लिहिले आहेत, कारण ते बोटाएवढे असते, मिक्सरमध्येच खोचलेले राहते आणि घरी आल्यावर आठवते.

सातवी पायरी: बिघाड मुद्दाम घडवून तालीम करा

घरी आवाज कमी ठेवून सेट सुरू करा आणि मित्राला किंवा भावंडाला सांगा, की मला न सांगता कुठलीही एक केबल काढ. आवाज थांबल्यापासून पर्यायी स्रोत सुरू होईपर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. पहिल्या वेळी बहुधा अर्धे मिनिट जाईल, कारण हात आपोआप सदोष वस्तूकडे वळतो आणि माणूस ती दुरुस्त करायला लागतो. ही ओढ मोडणे, हाच तालमीचा हेतू आहे. वेळ सलग दहा सेकंदांच्या आत येऊ लागली की मग हेडफोनशिवाय मिसळण्याचा सराव करा, वेव्हफॉर्म आणि बीटग्रिड पाहून, कारण हेडफोनही दगा देतात.

प्रत्यक्ष प्रसंगी काय करायचे

क्रम असा ठेवा. बिघडलेल्या चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) आधी खाली घ्या. गोठलेला लॅपटॉप कित्येकदा शेवटचा गठ्ठाच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि कर्कश आवाज येतो. शिवाय केबल पुन्हा लावताना जो धमाका होतो, तो स्पीकरला आणि कानांना इजा करू शकतो. त्यानंतर पर्यायी स्रोतावर प्ले दाबा आणि त्याचा फेडर वर न्या. मग साउंड इंजिनिअरला हाताने खूण करा. एवढे झाल्यावरच दोषाकडे पाहा. आता तुमच्याकडे तासभर आहे, घाईचे कारण नाही.

दोष शोधताना साखळीचा कागद कामी येतो. सुरुवातीपासून एकेक दुवा तपासण्याऐवजी मधोमध पाहा: मिक्सरवरचे पातळीचे दिवे हलत आहेत का? हलत असतील तर दोष मिक्सरच्या पुढे आहे, म्हणजे आउटपुट केबल किंवा कन्सोल. हलत नसतील तर दोष मागे आहे, म्हणजे स्रोत, केबल किंवा चॅनेल. प्रत्येक तपासणीत निम्मी साखळी बाद होते.

चॅनेल मुका वाटला तर तो मेला असे ठरवण्याआधी त्याच्या इनपुटची कळ बरोबर जागी आहे का ते पाहा; हात लागून ती सरकलेली असते. क्रॉसफेडर (दोन बाजूंमध्ये आवाज सरकवणारी आडवी पट्टी) खरखरत असेल किंवा मधेच एक बाजू गायब होत असेल, तर प्रत्येक चॅनेलची क्रॉसफेडर जोडणी ‘थ्रू’वर करा, म्हणजे क्रॉसफेडर वाटेतून बाजूला होतो आणि उभ्या फेडरवर सेट पूर्ण करता येतो. टाइमकोडची सुई किंवा रेकॉर्ड बिघडली तर सॉफ्टवेअर इंटर्नल मोडवर टाका आणि कीबोर्डवरून वाजवा. सॉफ्टवेअर गोठले तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून उघडणाऱ्या यादीतून ते बंद करा व पुन्हा उघडा. लॅपटॉपच हलत नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरा. यंत्रावर पेय सांडले तर मात्र ते वाचवण्याचा मोह टाळून आधी वीज तोडा, उलटे करून निथळू द्या आणि त्या रात्री पुन्हा सुरू करू नका.

दोष दूर झाल्यावर लगेच परतू नका. हेडफोनमध्ये एक पूर्ण गाणे ऐकून घ्या, मग पर्यायी मिक्समधून नेहमीसारखे मिसळून बाहेर पडा. तोच दोष दुसऱ्यांदा उद्भवला, तर तो स्रोत त्या कार्यक्रमापुरता सोडून द्या आणि पेन ड्राइव्हवर सेट संपवा. तिसऱ्यांदा प्रयत्न करण्याइतके कुठलेही क्यू पॉइंट मोलाचे नसतात. मायक्रोफोनवरून लांबलचक क्षमा मागण्याचीही गरज नसते. ‘दोन मिनिटांत परत सुरू करतो’ एवढे आयोजकांना जवळ जाऊन सांगावे.

कार्यक्रम संपल्यावर

आधी अ‍ॅम्प्लिफायर, मग मिक्सर आणि शेवटी स्रोत, या क्रमाने यंत्रे बंद होऊ द्या. सुरू करताना क्रम याच्या उलट असतो. घरी पोहोचल्यावर, आठवण ताजी असतानाच, काय झाले, कितव्या तासाला झाले, तेव्हा काय चालू होते आणि काय केल्यावर सुटले, हे चार ओळींत लिहून ठेवा. तोच दोष दोन नोंदींत दिसला तर पुढच्या कार्यक्रमाआधी ती वस्तू बदला. पर्यायी फोन पुन्हा चार्ज करून, मिक्स त्याच्यावर आहे ना हे वाजवून पाहून, पिशवीत परत ठेवा. आणि ज्या केबलने दगा दिला असेल, तिचे एक टोक त्याच रात्री कात्रीने कापून टाका, म्हणजे ती चुकूनसुद्धा पुन्हा पिशवीत जाणार नाही.